गरोदर बाईचे वजन आणि चालणे : कोल्हापूर जिल्ह्यातील आशा स्वयंसेविकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

आम्ही आशा स्वयंसेविका आणि गटप्रवर्तक घरोघरी जातो, तेव्हा गरोदर सुनेला दोन सल्ले हमखास मिळालेले असतात. ‘दोन जिवांचं खा’ आणि ‘जास्त हालू नकोस’. दोन्ही मायेपोटी दिलेले असतात, पण दोन्ही अर्धवट आहेत. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर आमटी आणि थोडे दूध. दुप्पट जेवण नव्हे.

माता-बाल संरक्षण कार्डावर वजन लिहिले जाते, पण लिहिल्यावर त्याविषयी बोलणे व्हायला हवे. पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो वाढ, हा आकडा आम्हाला शिकवला आहे. मात्र सुरुवातीलाच वजन जास्त असलेल्या बाईला आणि हाडकुळ्या बाईला एकच माप कसे चालेल? जगभर वापरला जाणारा २००९ चा अमेरिकी तक्ता बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पेक्षा कमी असेल तर १२.५ ते १८ किलो वाढ सुचवतो आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ ते ९ किलो. म्हणून आमची पहिली मागणी : पहिल्याच तपासणीत उंची आणि बीएमआय कार्डावर नोंदवावा, डॉक्टरांनी त्या बाईचे स्वतःचे उद्दिष्ट तिथेच लिहावे आणि प्रत्येक उपकेंद्रात नीट चालणारा वजनकाटा असावा. महिन्यात ३ किलोंहून जास्त वजन वाढले, तर ‘बाळ गुटगुटीत आहे’ म्हणून सोडून न देता रक्तदाब, लघवी आणि साखर तपासावी. वजन कमी करण्याचा सल्ला मात्र गरोदर बाईला कोणी देऊ नये.

आता व्यायामाचे. फरशी पुसली की बाळंतपण सोपे होते, असे घरोघरी सांगतात. घरकाम हे काम आहे, तो चालण्याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली. आधी सवय नसेल तर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालता चालता बोलता आले पाहिजे. रक्तस्राव, पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे किंवा कळा आल्यास लगेच थांबून दवाखाना गाठावा. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

पण चालायचे कुठे? कुस्तीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभे राहिले. पेठापेठांत तालमी आहेत. त्याच शहरात पोटुशी बाई निर्धास्तपणे अर्धा तास चालेल, दमली तर टेकेल आणि लागली तर स्वच्छतागृहात जाईल, अशी जागा मागणे हा हट्ट नव्हे. रंकाळ्याच्या काठी आणि महावीर उद्यानात बसायला बाके, पिण्याचे पाणी आणि उघडे असलेले स्वच्छतागृह एवढे तरी द्यावे. गावात अंगणवाडीची जागा पुरे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात आणि तालुक्याच्या रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टने वीस मिनिटे व्यायाम करून दाखवावा. सासूबाई आणि नवऱ्यालाही तिथे बोलवावे. घरचे ऐकणार असतील तरच सून बाहेर पडेल.

एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. ऊसतोडीला आलेल्या बाईला व्यायाम सांगू नका. सहाव्या-सातव्या महिन्यातही ती डोक्यावर मोळी वाहते. तिला विसावा, पोटभर खाणे आणि ओझ्यातून सुटका हवी. गळीत हंगामात फडावर जाऊन तपासणी व्हावी आणि तिचा शिधा जवळच्या अंगणवाडीतून मिळावा. गाव वेगळे आहे म्हणून तिला परत पाठवू नये.

हे समुपदेशन आम्ही मनापासून करू. त्यासाठी प्रशिक्षण द्या, समुपदेशन आमच्या कामांच्या यादीत घाला आणि त्याचा स्वतंत्र मोबदला ठरवा. येत्या ९ तारखेच्या शिबिरापूर्वी आम्हाला चर्चेला बोलवावे आणि लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपल्या,
आशा स्वयंसेविका व गटप्रवर्तक, कोल्हापूर जिल्हा