इंग्रजी चालींचा ताळेबंद

चालणे या एका क्रियेसाठी इंग्रजीत स्ट्रोल, सॉन्टर, ट्रज, प्लॉड, हॉबल, स्वॅगर अशी क्रियापदांची रांग उभी असता मराठीला ‘चालणे’ या एकाच शब्दावर सारा कारभार भागवावा लागतो, यास्तव इंग्रजांचे अवलोकन सूक्ष्म व आमचे स्थूल, अशी फिर्याद आमच्यातील काही विद्वान मोठ्या हिरिरीने गुदरीत असतात. फिर्यादीतील इंग्रजी क्रियापदांचा मुद्देमाल खरा आहे. निष्कर्ष मात्र टिकणारा नाही.

गतीचे वर्णन करताना ती कशी घडली आणि कोणत्या दिशेने घडली, असे दोन तपशील द्यावे लागतात. इंग्रजी पहिला तपशील क्रियापदात घालते व दिशेचे काम इन, आउट, अप अशा चिमुकल्या शब्दांवर सोपविते. मराठी उलटपक्षी येणे, जाणे, शिरणे, चढणे यांत दिशा साठवून रीत सांगण्याचे काम धातुसाधितांस व क्रियाविशेषणांस देते. ‘ही लिम्प्ड आउट’ आणि ‘तो लंगडत बाहेर गेला’ या वाक्यांत पाहिलेले दृश्य एकच आहे. पदांची वाटणी तेवढी निराळी. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली याच भेदावर भाषांची वर्गवारी मांडली, तेव्हा स्पॅनिशही इंग्रजीच्या विरुद्ध बाजूस गेली. मग सर्व्हांटिससारख्या थोर लेखकाच्या स्पॅनिशलाही अवलोकनदारिद्र्याचा दाखला द्यावयाचा काय?

शिवाय इंग्रजीची ही शब्दांची मिळकत सर्वस्वी स्वकष्टार्जित नाही. अ‍ॅम्बल हा घोड्याच्या संथ चालीचा शब्द फ्रेंचांकडून आला. ट्रेक हा दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या बैलगाड्यांमागून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत दाखल झाला, आणि आता सह्याद्रीच्या गडांवर मराठी मुलांच्या तोंडीही रुळला आहे. उसनवारीत कमीपणा नाही. पण तिला वंशपरंपरागत दृष्टीची सनद म्हणता येत नाही.

तथापि ही सारी इंग्रजी क्रियापदे पर्यायशब्द समजून घोकावीत, हे मतही तितकेच अग्राह्य होय. ट्रजमध्ये थकलेल्या पायांची अनिच्छा आहे, प्लॉडमध्ये संथपणाबरोबर चिकाटी आहे, तर सॉन्टरमध्ये निरुद्योगी मनाचा आनंद आहे. तिन्हींना ‘हळूहळू चालणे’ हा एकच अर्थ लावणारा अनुवादक मुळाचा अपहार करतो. त्याच्या दिमतीला पाय ओढीत, रखडत, रमतगमत, तरातरा, ठुमकत, दबक्या पावलांनी, शतपावली, येरझाऱ्या असा फौजफाटा हजर असता त्याने ‘चालणे’कडेच बोट दाखवावे, हा भाषेचा दोष नसून त्याचा आळस होय. म्हणून तुलना करावयाची ती कोशातील नोंदींची न करता पुऱ्या वाक्यांची करावी. तशी केल्यास इंग्रजीचे वैभव अबाधित राहते, आणि मराठीवरील फिर्याद मात्र पुराव्याअभावी खारीज होते.