वेशीवर आलेले शहर

शहर एखाद्या ठिकाणीच का उभे राहते, या प्रश्नाला भूगोलाचे पुस्तक ठरावीक उत्तर देते: बंदर, नदी, घाट, नाका. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. एका बाजूस मुंबई-गोवा महामार्ग व दुसऱ्या बाजूस पनवेल-रोहा लोहमार्ग अशा जागी असलेल्या पेण तालुक्यातील जित्यासारख्या गावांना या अपुरेपणाची किंमत मोजावी लागण्याचा धोका आज निर्माण झाला आहे. म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक आहे.

रायगड जिल्ह्याचा इतिहासच याबाबत बोलका आहे. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले चौल हे प्राचीन काळापासून परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. दहाव्या शतकाच्या आरंभी तेथे आलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशाने ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेल्या हजारो लोकांची नोंद केली आहे. पुढे पोर्तुगीज आले. १७४० मध्ये त्यांची सत्ता गेली. पण शेजारच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली बोली काही ख्रिस्ती घरांत आजही जिवंत आहे. याच किनाऱ्यावर तेलघाणे चालविणारे बेने इस्रायली ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, मराठी त्यांची मातृभाषा झाली आणि तीच भाषा घेऊन ते मुंबईस गेले. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले.

तात्पर्य, संस्कृतींची देवघेव ही दरबारांनी व सावकारी पेढ्यांनी केलेली कृपा नव्हे. ती घाण्यावर, बाजारात, होडीवर, शेजाराने राहणाऱ्या श्रमिकांनी घडविली. शहराला वैभव या देवघेवीने येते. केवळ जागेच्या मोक्याने नव्हे.

मोका तरी निसर्गदत्त व अढळ कोठे असतो? चौलची खाडी जागेवरच राहिली, पण सत्ता आणि भांडवल मुंबईकडे गेले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे देशावर पोहोचली आणि व्यापाराची वाट बदलली. चौल, नागोठणे, पनवेल ही जुनी बंदरे मागे पडली. जागेचे मोल राज्यकर्त्यांचे निर्णय आणि दळणवळणाची साधने ठरवितात, हा या घडामोडींचा धडा आहे. आणि निर्णय माणसे घेत असल्यामुळे त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न भूगोलाचा राहत नाही. तो राजकारणाचा होतो.

या प्रश्नावर याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वारंवार झगडून उत्तर दिले आहे. खोतशाहीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन कसली नाही. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा हे त्या रक्ताचे फलित आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. तो प्रकल्प उभा राहिला नाही.

आता अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांवर नव्या शहराची आखणी २०२४ मध्ये शासनाने जाहीर केली. प्रश्न केवळ यादीतील गावांचा नाही. यादीबाहेरच्या शेतातही दलालाची पावले उमटू लागतात. भातखाचर आणि खारबंदिस्ती पिढ्यान्‌पिढ्या राखणारा कसणारा मात्र व्यवहारात शेवटी आठवतो. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ती मुंबईस आणि परदेशीही जातात. मूर्तिकाराची ही कला ज्या शहराला हवी असते, त्याच शहराच्या नकाशावर त्याच्या कारखान्यास जागा असू नये, ही देवघेव नव्हे. ही एकतर्फी लूट होय.

शहरांना विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नाही. खोताच्या आणि जातीच्या जाचातून अनेकांना मुंबईनेच श्वास दिला. विरोध आहे तो गावाला कच्चा माल समजणाऱ्या नगररचनेला. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: ग्रामसभेच्या संमतीवाचून भूसंपादन नको; कूळ, भूमिहीन, मच्छीमार आणि आदिवासी यांचा हक्क सातबाऱ्यावर नाव नसले तरी मान्य व्हावा; गावठाणविस्तार आधी, भूखंडविक्री नंतर; खाडी व खारभूमीचे रक्षण व्हावे आणि स्थानिक कारागिरांना नव्या शहरात हक्काची जागा मिळावी.

कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या दिवसाची वाट पाहू नये. नकाशे व अधिसूचना सोप्या मराठीत गावोगाव वाचून दाखविणे, हरकती मुदतीत नोंदविणे, विक्रीचे कागद सहीपूर्वी समजावून देणे, ही कामे आजची आहेत. शहर वेशीपर्यंत येऊन ठेपले आहे. ते पाहुणा म्हणून आत येणार की मालक म्हणून, याचा निवाडा गावाच्या संघटनेच्या बळावरच होणार आहे.