शेपटाचा रोल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी डोंबिवलीहून भेटायला आला. गळ्यात जुना कॅमेरा होता. खिशातून एक रोल काढून म्हणाला, "सर, हा सिनेमाच्या फिल्मचा रोल आहे. साडेबाराशेला मिळाला." त्यात छत्तीस फोटो निघतात. म्हणजे एका फोटोला जवळजवळ पस्तीस रुपये, आणि रोल धुण्याचे पैसे वेगळे. मी विचारले, "इतका महाग का रे?" तो म्हणाला, "नवीन गोष्ट आहे ना, सर."

महाग आहे हे खरे. नवीन मात्र मुळीच नाही.

कल्याणला माझ्या मामूंचा छोटा स्टुडिओ होता. सौदी-कुवेतला निघालेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो, हजला जाणाऱ्यांचे फोटो आणि मोहल्ल्यातली लग्ने, एवढाच धंदा. कंपनीचे डबीबंद रोल त्यांना फार क्वचित परवडत. मुंबईहून पत्र्याच्या डब्यात सिनेमाच्या कच्च्या फिल्मचे तुकडे येत. सिनेमाच्या कॅमेऱ्यात चारशे किंवा हजार फुटांचे रीळ चढते. शॉट संपल्यावर पन्नास-साठ फूट उरले, तर ते पुढच्या शॉटला पुरत नाहीत. असे न वापरलेले तुकडे स्वस्तात विकले जात. धंद्यात त्यांना शॉर्ट एंड म्हणत, मामू शेपूट म्हणत. रात्री दिवा बंद करून, दाराच्या फटीला चादर लावून ते हाताच्या अंदाजाने फिल्म कापत आणि जुन्या रिकाम्या डब्यांत भरत.

ही काही चलाखी नव्हती. ३५ मिलिमीटरची फोटोग्राफी जन्मलीच सिनेमाच्या फिल्ममधून. जर्मनीतल्या ऑस्कर बारनाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची होती, त्यांनी ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली. तोच कॅमेरा १९२५ मध्ये लायका नावाने बाजारात आला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडत. कच्ची फिल्म घरात हाताळणे ही आपल्यासाठीही शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

आता हिशेब करू. छत्तीस फोटोंच्या रोलला साधारण साडेपाच फूट फिल्म लागते. सिनेमात सेकंदाला दीड फूट फिल्म धावते. म्हणजे पडद्यावर चार सेकंदही न टिकणाऱ्या फिल्मवर आमच्या मोहल्ल्यातले एक अख्खे लग्न मावायचे.

अम्मी-अब्बांचा निकाह १९७७ चा. त्याचे फोटो मामूंनी अशाच काळ्यापांढऱ्या शेपटावर काढले. २६ जुलै २००५ ला कल्याणच्या सखल भागात पाणी भरले, तेव्हा आमच्या घरातला अल्बम चिखलात गेला. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. मामूंच्या डब्यातल्या निगेटिव्हही भिजल्या होत्या. त्यांनी त्या सुकू न देता स्वच्छ पाण्यात ठेवल्या, हळूहळू सुट्या केल्या आणि दोरीला चिमट्यांनी टांगल्या. आज आमच्या घरात अम्मीचा तरुणपणीचा जो एकमेव फोटो आहे, तो त्या दोरीवरून आलेला आहे. कंपनीच्या महाग रोलची वाट पाहिली असती, तर तो निघालाच नसता.

म्हणून फिल्मची किंमत मला किरकोळ बाब वाटत नाही. कोणाच्या घरात मागच्या पिढीचे चेहरे राहतील आणि कोणाच्या घरात नाही, हे तिने ठरवले आहे.

मग आज ही फिल्म इतकी महाग का? एक तर बनवणारे उरले नाहीत. उटीला १९६० मध्ये सुरू झालेली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स कंपनी, तिचा 'इंदू' ब्रँड आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, ती बंद पडली. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची शूटिंग फिल्म बनवणे थांबवले. रंगीत सिनेमा निगेटिव्हसाठी जग आता मुख्यतः कोडॅकवर अवलंबून आहे. दुसरे कारण मधल्या हातांचे आहे. कोणी मोठे रीळ आयात करतो, कोणी कापून भरतो, कोणी त्यावर सुंदर लेबल लावतो, आणि प्रत्येक जण आपला वाटा ठेवतो. मेहनतीचे पैसे घ्यावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चारशे फुटांत बहात्तर रोल निघतात, हे गिऱ्हाईकाला माहीत असावे.

काही वाचक म्हणतील, गुरुजी, फोनवर फोटो फुकट निघतो. बरोबर आहे, मीही काढतो. पण माझ्या वर्गातल्या मुलांना विचारले, तर मागच्या फोनमधले फोटो निम्म्यांकडे नाहीत. फोन बिघडला की फोटो गेले. निगेटिव्ह मात्र वीज, पासवर्ड काही न मागता डब्यात पडून राहते.

माझे म्हणणे साधे आहे. ज्यांना हा छंद करायचा आहे, त्यांनी एकेकट्याने महाग रोल घेण्याऐवजी दहा-बारा जणांनी मिळून मोठे रीळ घ्यावे आणि अंधारात रोल भरायला शिकावे. सुरुवात काळ्यापांढऱ्या फिल्मने करावी. कोडॅकची डबल-एक्स १९५९ पासून सिनेमासाठी बनते आणि साध्या डेव्हलपरमध्ये घरी धुता येते. शाळेच्या विज्ञान मंडळालाही हे जमेल. प्रकाश, चांदीचे क्षार, रसायने, सगळा धडा हातात येतो.

रंगीत सिनेमा फिल्मबाबत मात्र इमानदारी हवी. तिच्या पाठीला काजळीचा काळा थर असतो. कोडॅकने २०२५ पासून तो काढायला सुरुवात केली आहे, पण जुना माल अजून बाजारात आहे. असा रोल न सांगता नेहमीच्या लॅबला दिला, तर काजळी रसायनात उतरते आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. तेव्हा भरणाऱ्याने डबीवर फिल्मचे खरे नाव लिहावे आणि धुवायला देणाऱ्याने ते सांगावे. लॅबवाला नाही म्हणाला, तर त्यावर रागावू नये.

त्या मुलाला मी मामूंचा रिकामा डबा दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, अंधारात साडेपाच फूट मोजायचे कसे?" मामू दोन्ही हात पसरत, ते मी त्याला करून दाखवले. तो आता अजून नऊ मित्र शोधतो आहे. दहावा मी आहे.