ट्यूबलाइटची रेघ



गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयतांनी नवी मोटार घेतली. आमच्या दोन्ही घरांत मिळून कोरी, पूर्वी कोणीही न वापरलेली अशी ही पहिलीच गाडी. ताबा मिळाला तेव्हा रेडिंगमध्ये सायंकाळचे साडेचार वाजून गेले होते. अंधार पडू लागला होता, पाऊस भुरभुरत होता आणि मुलगी कडेवर पेंगत होती. विक्रेत्याने किल्ली हाती दिली, पुष्पगुच्छ दिला, छायाचित्र काढले आणि एका कागदावर सही घेतली. गाडीभोवती एक सावकाश फेरी मारावी, एवढेही भान आम्हांस राहिले नाही. गडद निळ्या पत्र्यावर पावसाचे थेंब चमकत होते आणि आम्हांला तेच सुंदर वाटले.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत रंगखात्यात उभी हयात काढली. त्यांनी गाडीची किंमत विचारली नाही, वेगही विचारला नाही. ते म्हणाले, “रात्री एखाद्या पेट्रोलपंपाच्या छताखाली उभी करा. रंगाकडे पाहू नका, रंगात दिसणाऱ्या ट्यूबलाइटकडे पाहा. रेघ कुठे तुटते ते मला सांगा.”

त्या रात्री आम्ही पाहिले. पुढच्या दोन्ही दारांवर दिव्याची रेघ किंचित लहरत होती, पण सलग होती. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर मात्र ती विस्कटली. जवळ जाऊन पाहिले तर लॅकरखाली धुळीचे बारीक कण अडकलेले, खालच्या कडेला रंगाचा एक ओघळ आणि दाराच्या रबरावर निळी भुकटी बसलेली. मुठीजवळ बोट फिरवले तर एक पुसट धार लागली. छायाचित्रे पाहून बाबा एवढेच म्हणाले, “टेप लावून मारलाय. हे दार दुसऱ्यांदा रंगलंय.”

यानंतर आठ दिवस आम्ही काहीही केले नाही. ते आठ दिवस का गेले, हे प्रांजळपणे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

एक कारण अगदी साधे होते. हार घातलेल्या गाडीचे छायाचित्र आम्ही सर्वांना धाडले होते आणि विहारात पेढे वाटले होते. आता कोणत्या तोंडाने सांगावे? आई म्हणाली, “घरात आलेल्या नव्या वस्तूला नावं ठेवू नयेत.” परंतु दुसरे कारण अधिक खोलवरचे होते. आमची आजी लुगडे घ्यायला बाजारात जाई तेव्हा दुकानदार तिला कापडाला हात लावू देत नसे. लांबूनच बोट दाखवायचे, पैसे ठेवायचे आणि तो टाकील ते उचलायचे. घरी आल्यावर विरलेला धागा दिसला तरी परत कोणाकडे जाणार? वस्तू उलटूनपालटून न पाहता घेण्याची ही सवय तिच्यावर लादली गेली होती. आमच्यापर्यंत ती ‘समाधानी स्वभाव’ या गोंडस नावाने पोहोचली. पूर्ण किंमत मोजून, करारावर सही करून घेतलेल्या गाडीच्या दारावर तळहात फिरवताना आमच्या मनात जो संकोच दाटला, तो आमचा नव्हताच. हे उमगले, तेव्हा आम्ही कामाला लागलो.

आमचा व्यवसाय संगणकप्रणाली लिहिण्याचा. तेथे त्रुटी आढळली की पहिला प्रश्न असतो, ती कोणत्या टप्प्यावर शिरली? आम्ही कागदावर तीन रकाने आखले : कारखाना, विक्रेता आणि आम्ही स्वतः.

कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रथम एका मोठ्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. हे सारे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी. त्यातला पारदर्शक थर जेमतेम ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. उन्हापासून रंगाचे रक्षण करतो तो हाच थर. संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीतपणा बहुतेक सर्व गाड्यांच्या रंगात असतो. तो दोष म्हणून मान्य होणे कठीण. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्याची छटा शेजारच्या पत्र्याहून थोडी निराळी दिसू शकते. हे दोन्ही आमच्या गाडीत होते. आम्ही ते पहिल्या रकान्यात नोंदवले आणि सोडून दिले.

दुसऱ्या रकान्यासाठी आम्ही एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेलो. तेथे रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र असते. ते पत्र्याला टेकवले की आकडा दिसतो. (प्लॅस्टिकच्या भागांवर साधे यंत्र चालत नाही.) छत, बॉनेट आणि तीन दारे यांवर ११० ते १३५ असे आकडे आले. डाव्या मागच्या दारावर २६० ते ३१०. कारागिराने ते लेटरहेडवर लिहून दिले आणि एक महत्त्वाची गोष्ट समजावली. कारखान्यात लॅकर सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्के करतात, कारण तेव्हा तो केवळ पत्र्याचा सांगाडा असतो. तयार गाडीत वायरी, प्लॅस्टिक, रबर असे सर्व काही असते. म्हणून गॅरेजात ६० अंशांच्या आसपास भाजता येणारा वेगळा रंग वापरावा लागतो. तो उत्तम मारला तर वर्षानुवर्षे टिकतो. पण तो कारखान्याचा रंग नव्हे, आणि आमच्या दारावर तर तो उत्तमही मारलेला नव्हता.

तिसऱ्या रकान्यात लिहिताना लाज वाटली. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे होते. तेही विक्रेत्याच्या माथी मारण्याचा मोह झाला. परंतु पहिल्याच रविवारी आम्ही भांडी घासण्याच्या स्पंजाने मोठ्या हौसेने गाडी धुतली होती. चरे आधीचे की आमच्या हौसेचे, हे आम्हांला सिद्ध करता येत नव्हते. तो मुद्दा आम्ही तक्रारीतून काढून टाकला. आपल्या तक्रारीतील एक विधान खोटे निघाले, की उरलेली नऊ खरी विधानेही संशयित ठरतात.

ज्या देशात आपण राहतो तेथील कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ब्रिटनच्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू समाधानकारक दर्जाची असली पाहिजे. तिचे बाह्यरूप, तिची सफाई आणि किरकोळ दोषांपासून मुक्तता या बाबींचाही त्या दर्जात समावेश होतो. वस्तू तशी नसेल तर ताबा घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करून पैसे मागता येतात. तेवढ्यात दुरुस्तीस दिली तर दुरुस्तीचे दिवस त्या मुदतीत धरले जात नाहीत. मुदत उलटली तरी दुरुस्ती किंवा बदली मागता येते. या मागणीसाठी पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष ताब्याच्या वेळीच होता असे गृहीत धरतात. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. ताब्याच्या कागदावर केलेली सही हे हक्क हिरावून घेत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. करारापूर्वी विक्रेत्याने एखादा दोष स्पष्टपणे दाखवून दिला असेल आणि तरीही आपण गाडी घेतली, तर त्या दोषाबद्दल मागाहून दाद मागता येत नाही.

म्हणजे सारा प्रश्न सांगण्याचा होता. दार वाहतुकीत खरचटले आणि रंगवले, हे आम्हांस आधी सांगितले असते तर कदाचित थोडी सूट घेऊन आम्ही तीच गाडी आनंदाने घेतली असती.

या प्रश्नावर अमेरिकेत एक प्रसिद्ध खटला झाला. १९९० साली अलाबामा राज्यातील डॉ. आयरा गोर यांनी सुमारे ४०,७५० डॉलर देऊन नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिने चालवूनही त्यांना काही दिसले नाही. गाडी चकचकीत करणाऱ्या एका कारागिराच्या नजरेस ती आधी पुन्हा रंगवल्याचे आले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल तर ती उघड करायची नाही, असे कंपनीचे धोरणच होते. या गाडीवर सुमारे ६०१ डॉलर खर्च झाले होते. ज्युरीने ४,००० डॉलर भरपाई आणि ४० लाख डॉलर दंड ठरवला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्म्यावर आणला. १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि अखेरीस तो ५०,००० डॉलरवर आला. आकडे घटत गेले, तरी न सांगण्याची किंमत ६०१ डॉलरहून पुष्कळच मोठी ठरली.

सतराव्या दिवशी आम्ही पत्र पाठवले. गाडी हप्त्यांवर असल्याने आणि हप्ते फिटेपर्यंत ती कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मालकीची असल्याने एक प्रत तिलाही धाडली. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. होती ती तारीख, छायाचित्रे, कोणत्या प्रकाशात दोष दिसतो त्याचे वर्णन, जाडीचे आकडे आणि दोन प्रश्न : हे दार कधी व का रंगवले, आणि आम्हांस का सांगितले नाही?

प्रथम दूरध्वनीवर उत्तर आले, की असे किरकोळ फरक चालतातच. गाडी आणा, फुकट पॉलिश करून वर सिरॅमिक कोटिंगही देऊ. आम्ही नम्रपणे नकार दिला. पॉलिश म्हणजे त्याच पातळ पारदर्शक थराचा काही अंश घासून काढणे, आणि कोटिंग म्हणजे दोषावर चकचकीत झाकण. “आपण हेच लेखी कळवा,” एवढी विनंती केली. लेखी उत्तराला अकरा दिवस लागले, आणि त्याची भाषा बदललेली होती. दार वाहतुकीत खरचटले होते, ते रंगवले होते, आणि याची नोंद ग्राहकाच्या कागदांत राहून गेली.

गाडी परत करता आली असती. आम्ही विचार केला. पत्रा शाबूत होता, गाडी चांगली होती, आणि त्याच रंगाची दुसरी मिळण्यास चार महिने लागणार होते. दार पुन्हा रंगवले तर त्यावर आणखी एक गॅरेजचाच थर चढणार. म्हणून आम्ही किमतीत कपात घेतली आणि दाराच्या दुरुस्तीची तारीख व कारण नमूद करणारे सहीशिक्क्याचे पत्र घेतले. कोणी अधिक ताणून धरले असते. त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

वाचकांतील ज्या कुटुंबांत लवकरच नवी गाडी येणार आहे, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. ताबा दिवसाउजेडी, कोरड्या हवेत घ्या. पाऊस असेल तर गाडी पुसायला लावा, अथवा वेळ बदलून मागा. कोटिंग घेण्यापूर्वी रंग तपासा. रबर, कडा आणि मुठींच्या आसपास बोट फिरवा. तिसावा दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवा. आणि हात लावून पाहताना संकोचू नका.

बाबांना ते पत्र वाचून दाखवले. ते ऐकून म्हणाले, “पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवा.” पत्र आता गाडीच्या कागदांच्या फाइलीत सर्वांत वर ठेवले आहे. पुढेमागे गाडी विकू तेव्हा नव्या मालकाला आम्ही ते प्रथम वाचायला देऊ, आणि त्याला पेट्रोलपंपाच्या छताखाली घेऊन जाऊ.

जय भीम.