गोडी आपल्या शेतात, कांडी मात्र विकतची!



गळीत हंगाम आटोपला. शेवटची मोळी गव्हाणीत पडली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि आपण सर्वजण खोडव्याच्या मागे लागलो. या दिवसांत शेतकी खात्याने पाण्याच्या पाळ्यांवर आणि खताच्या मात्रांवर लिहावे अशी सभासदांची अपेक्षा असते. त्याविषयी गट ऑफिसांतून सूचना गेल्याच आहेत. आज आम्हाला एका वेगळ्याच विषयावर मत मांडायचे आहे. विषय ऐकून कोणी हसेल, पण आम्हाला तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. विषय आहे गारेगारचा, म्हणजे बर्फाच्या कांडीचा.

एप्रिल-मे महिन्यात नोंदीसाठी आणि खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरतो. भर दुपारी घंटा वाजली की पोरं उन्हातान्हात रस्त्याकडे पळतात आणि लाल, हिरव्या, नारिंगी पाण्याच्या कांड्या चोखत परत येतात. त्याच वस्तीच्या मागे सुरू उसातल्या आंतरपिकाचे कलिंगड पडलेले असते. व्यापारी चांगला माल घेऊन गेला, लहान आणि वेडीवाकडी फळे राहिली, ती जनावरांपुढे टाकली. दोन आंबे विहिरीवर, एक लिंबाचे झाड परड्यात, घरात कारखान्याची साखर. एवढे असून पोराच्या हातात काय, तर रंगवलेले पाणी! ‘पिकतं तिथं विकत नाही’ असे आपण म्हणतो. इथे तर पिकतं तिथं खाल्लंही जात नाही.

आपली सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली ती कशासाठी, हे जरा आठवा. १९५० साली प्रवरेकाठी पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा करून दाखवला, त्यामागे सरळ हिशेब होता. कच्चा माल पडेल त्या भावाने दुसऱ्याला द्यायचा आणि पक्का माल तो सांगेल त्या भावाने आणायचा, यात शेतकरी दोन्हीकडून नागवला जातो. उसाच्या बाबतीत आपण ही रीत मोडली. मग घरच्या फळाच्या बाबतीत तीच रीत का चालू ठेवावी? गोष्ट लहान आहे, पण सवय तीच आहे.

गाडीवाल्याशी आमचे वैर नाही. तोही पोटासाठी उन्हात फिरतो. पण उघड्या कांडीवर कसलेही लेबल नसते. पाणी कुठले, रंग कसला, गोडी कशाची, हे आपल्याला कळत नाही. सॅकरिन साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड असते. म्हणजे चिमूटभर पुडीत बादलीभर पाणी गोड होते आणि स्वस्तही पडते. आयुष्यभर ऊस पिकवणाऱ्याच्या नातवाच्या तोंडात उसाऐवजी ही पुडी जात असेल, तर त्याला काय म्हणावे?

दुसरी बाब पाण्याची. बर्फ झाला म्हणजे जंतू मेले, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. काविळीचे आणि हगवणीचे जंतू गोठूनही तग धरतात आणि कांडी वितळली की पोटात जातात. उद्योगासाठी केलेला बर्फ सरबतात आणि गोळ्यात वापरला जाऊ नये म्हणून, असा बर्फ निळा रंगवावा असा आदेश २०१८ साली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला काढावा लागला. यावरून काय ते समजा.

आता घरच्या कांडीकडे येऊ. पुष्कळ घरांत फ्रीज आले, पण घरी केलेली कांडी एकतर दगडासारखी होते, नाहीतर गोठतच नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. याचे कारण साखरेच्या प्रमाणात आहे. साखर विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते. त्यामुळे कांडीतले सगळे पाणी एकदम कडक होत नाही, थोडा पाक बर्फाच्या बारीक कणांमध्ये तसाच राहतो आणि कांडी दाताला मऊ लागते. साखर कमी पडली तर दगड, फार झाली तर लापशी. सॅकरिनची मात्रा इतकी किरकोळ असते की त्याचा या कामी काहीच उपयोग होत नाही. फळाचा गर असला तर आणखी एक फायदा. नुसत्या रंगीत पाण्याच्या कांडीतून रंग आणि गोडी चोखून आधी निघून जाते आणि पांढरा बर्फ उरतो. गर मात्र पाक धरून ठेवतो.

प्रमाण किती, हे आमच्या सभासदांना सांगणे सोपे आहे. उसाची पक्वता पाहायला आमचा कर्मचारी फडात येतो, रसाचा थेंब काचेवर टाकतो आणि ब्रिक्स वाचतो, ते आपण पाहिलेच आहे. कांडीचे मिश्रणही साधारण १८ ते २० ब्रिक्सचे असावे. म्हणजे पक्व उसाच्या रसाइतके गोड! फळात स्वतःची साखर असतेच, कमी पडेल तेवढीच वरून घालायची. आमचे माप असे :

कलिंगड : रस साधारण ८ ते १० ब्रिक्सचा असतो. बिया काढून गाळलेल्या १ लिटर रसाला सुमारे ११० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस.

आंबा : १ किलो पिकल्या आमरसात ३०० मिलिलिटर पाणी आणि ७५ ग्रॅम साखर. आंबा फार गोड असेल तर साखर कमी करावी.

द्राक्षे : चांगली पिकलेली असतील तर साखरेची गरजच नाही. नीट धुऊन, वाटून, गाळून घ्यावीत.

कैरी : उकडलेला एक वाटी गर, २०० ग्रॅम साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा, आणि सगळे मिळून १ लिटर होईल इतके पाणी.

मिश्रण चाखताना ते किंचित जास्त गोड वाटले पाहिजे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते.

पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. साचे विकत आणायची गरज नाही. स्टीलचे लहान पेले उत्तम, त्यात लवकर गोठते. पेला काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते. तासा-दीड तासाने मिश्रण घट्ट होऊ लागले की मधोमध चपटी काडी उभी करावी, म्हणजे ती कलंडत नाही. पुढे सहा-आठ तास फ्रीज उगाच उघडू नये. काढताना पेला दहा-पंधरा सेकंद साध्या पाण्यात धरला की कांडी सुटते. लाईट गेली आणि कांडी वितळून पुन्हा गोठली तर तिच्यात जाड खडे होतात. बराच वेळ वितळून पडलेली कांडी पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये.

फ्रीज नसेल त्यांनी जुन्या आईस्क्रीमच्या पॉटाची युक्ती करावी. बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ मिसळून त्यात झाकण लावलेले स्टीलचे डबे रोवावेत. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि डब्यातले मिश्रण गोठते. बाहेरचा बर्फ किंवा खारे पाणी आत जाणार नाही एवढे बघा.

आणि उसाचा रस? त्याला तर साखरही लागत नाही. ऊस स्वच्छ धुऊन, सोलून रस काढावा, लिटरला अर्धे लिंबू पिळावे, आल्याचा तुकडा ठेचून घालावा, गाळून लगेच गोठवावा. तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे, असे आम्ही घसा कोरडा करून सांगत असतो. रसाची घाई त्याहून जास्त. तो तासाभरात काळवंडतो आणि आंबू लागतो. लिंबाने काळवंडणे मंदावते, थांबत नाही.

आता कोणी म्हणेल, “साहेब, कारखान्याची साखर खपवायची ही नवी तऱ्हा दिसते!” तसे नाही. १ लिटर कलिंगडाच्या रसातून चौदाएक कांड्या होतात. म्हणजे एका कांडीत वरून घातलेली साखर सात-आठ ग्रॅम. तेवढ्याने गोदामे रिकामी होत नाहीत. साखरेचेही माप असते. मुलाला दिवसाला एक कांडी पुष्कळ झाली, आणि मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. दुसरी शंका माऊल्यांची असेल, की घरातली कामे थोडी का आहेत! ती खरी आहे. म्हणून हे काम सुट्टीतल्या पोरांवर सोपवा. कलिंगड कापून द्या, बाकी सगळे ती करतील. वजन, माप, गोठणे, वितळणे हे शाळेतले धडे त्यांना हातानेच कळतील.

शेवटी मुख्य मुद्दा. हे सगळे करायला फळ घरचे हवे, आणि तिथेच आपण कमी पडतो आहोत. ट्रॅक्टर फिरेना म्हणून, सावलीत ऊस खुरटतो म्हणून बांधावरचे आंबे, जांभळी, चिंचा आपण तोडल्या. दोन सऱ्या वाढल्या. त्या दोन सऱ्यांचा ऊस काट्यावर किती भरला, हे ज्याचे त्याने पाहावे. सामाईक बांधावर झाड लावून शेजाऱ्याशी तंटा करा, असे आम्ही सांगणार नाही. पण विहिरीजवळ, वस्तीभोवती, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर दोन झाडांना जागा निघतेच. मे महिन्यात आंब्यासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा, उन्हात तापू द्या. पाऊस पडायच्या आत शेणखत आणि चांगली माती भरा. मृगाचा पाऊस झाला की एक कलमी आंबा आणि एक कागदी लिंबू लावा.

पोरांना कांडी यंदाच मिळू द्या. आंब्याला चार-पाच वर्षे लागतील. म्हणून खड्डा याच महिन्यात काढा, ही सर्व सभासदांना विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी