एका तासाचा रोजगार

पदवी हाती आली, अर्ज गेले, परीक्षाही झाल्या. नेमणुकीचे पत्र मात्र येत नाही. या मधल्या काळात मध्यमवर्गीय घरात एक सूचना हटकून पुढे येते : तोपर्यंत इंग्रजीच्या दोन-चार शिकवण्या धराव्यात. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला मात्र तीत आपल्या पराभवाची चाहूल लागते. या दोघांपैकी खरे कोणाचे, हे ठरविण्यापूर्वी शिकवणीचा व्यवहार नीट तपासून पाहणे इष्ट ठरेल.

शिकवणी करण्यात कमीपणा काहीच नाही. पुण्यात वार लावून जेवणारी आणि शिकवण्यांवर फी भागविणारी विद्यार्थ्यांची एक पिढीच्या पिढी होऊन गेली. पण त्या पिढीची शिकवणी पदवीच्या आधीची होती. आजची पदवीनंतरची आहे, आणि ती किती वर्षे चालेल हे कोणीच सांगू शकत नाही.

आता, शिकवणी इंग्रजीचीच का? रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. हेतू स्तुत्य होता. खेड्यातील मूल शहरातील मुलाच्या मागे पडू नये, ही त्यामागची तळमळ खोटी नव्हती. परंतु एका शासन निर्णयाने विषय सुरू करता येतो. शिक्षक तसा तयार होत नाही. ज्यांनी तो विषय शिकवावयाचा, त्यांतील पुष्कळांनी स्वतः पाचवीत गेल्यावर इंग्रजीची मुळाक्षरे गिरविली होती. दुसरीकडे इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या आईवडिलांना मुलांचा गृहपाठ समजेनासा झाला. शाळेत पुरी न झालेली आणि घरी भागविता न येणारी ही गरज गल्लोगल्ली शिकवणीला गिऱ्हाईक पुरविते. गंमत अशी, की ती भागविणारा तरुण बहुधा मराठी माध्यमातून आलेला आणि स्वतः मुलाखतीत इंग्रजीपाशीच अडखळलेला असतो. शिकविता शिकविता त्याचे इंग्रजी सुधारते, हा लाभ मात्र फीपेक्षा मोठा मानला पाहिजे.

सरकारी मोजणीत या तरुणाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. देशात २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होते. त्यातील चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार, आठवड्यातील कोणत्याही दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात गणली जाते. हा निकष कोणा एका सरकारने लबाडीने शोधलेला नाही. १९८२ साली श्रमसांख्यिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला आणि इतर देशांतही तो चालतो. तथापि सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत रोजचे दहा तास काढणारा आणि रविवारी एका मुलाला क्रियापदाची रूपे शिकविणारा पदवीधर या हिशेबात बेकार उरत नाही. घरच्यांच्या लेखी तो रिकामा. सरकारच्या लेखी कामावर!

शिक्षकाच्या नोकरीचेच उदाहरण घ्यावे. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. पुढची व्हायला २०२३ साल उजाडले. बी.एड. होऊन बसलेल्यांनी मधली पाच वर्षे काय करावयाचे होते? शिकवण्याच केल्या असणार. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा असल्याने वाट पाहण्याची मुभाही लांबलचक असते. शिकवणी या प्रतीक्षेचा खर्च भागविते, आणि म्हणूनच ती लांबवितेही. खोलीचे भाडे व खाणावळ सुटू लागली की अर्ज करण्याची निकड कमी होते.

खरी मिळकत मोजावयाची ती शिकविण्याच्या तासावर नव्हे. चार घरी चार तास म्हटले, तरी जाण्यायेण्यासह सहा तास मोडतात. संध्याकाळ गेली की अभ्यासाची उमेदही जाते. जानेवारी ते मार्च मुलांच्या परीक्षांची घाई. त्याच आठवड्यात मुलाखतीचे बोलावणे आले, तर मुलांना सोडून जाणे मनाला पटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उत्पन्न शून्य. म्हणून घरोघर हिंडण्यापेक्षा पाच-सहा मुले एका ठिकाणी जमवून आठवड्यातून तीनच दिवस शिकवावे, फी महिन्याच्या आरंभी घ्यावी, आणि नोकरीच्या परीक्षेमुळे एखादा दिवस चुकेल हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. संकोच बाळगणाऱ्यांचेच पैसे बुडतात.

पण सगळा भार तरुणाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा कलम २८ अन्वये शिक्षकाला खासगी शिकवणीस मनाई करतो. म्हणजे जे काम करीत त्याने नोकरीची वाट पाहिली, ते नोकरी लागताच निषिद्ध होते. मनाई योग्यच आहे. मात्र त्या वर्षांत त्याने जे शिकविले त्याची नोंद कोठेच नाही, प्रमाणपत्र नाही, आणि अर्जात ते लिहावे असा रकानाही नाही.

इंग्रजीत मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक तास ठेवता येईल. त्या तासासाठी गावातील वा प्रभागातील पात्र पदवीधरांना हजेरीपटावर घ्यावे, शिकविलेल्या तासांचे प्रमाणपत्र द्यावे, आणि भरतीच्या वेळी ते अनुभव म्हणून धरावे. ज्या पालकाला शिकवणी परवडत नाही, त्याच्या मुलाचीही त्यात सोय होईल. फक्त मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडले पाहिजे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची मानधने महिनोन्महिने थकतात. त्याची पुनरावृत्ती शाळांत व्हायची असेल, तर तरुणांनी आपल्या शिकवण्या न सोडणेच बरे.