झटका सरला, छळ सुरू

फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा नाहीतर जोडा धरणाऱ्यांशी माझे भांडण जुनेच आहे. आज भांडायचे आहे ते झटका ओसरल्यावर शहाणपण पाजळणाऱ्यांशी. हातपाय थांबले, डोळे उघडले, की यांच्या लेखी रोग संपला. मग तो माणूस भलतेच बोलला तर सोंग, धरू जाताच त्याने हिसडा मारला तर मस्ती, दोन दिवसांनी बरळू लागला तर बाहेरची बाधा!

वाचकहो, हा रोग देवाचा नव्हे, मेंदूचा आहे, हे हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहिले गेले. झटक्यानंतरच्या तात्पुरत्या भ्रमावर ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टराने १८७५ साली स्वतंत्र निबंध लिहिला. आपण मात्र अजून अंगाऱ्याशीच!

मेंदूच्या ज्या भागात हे वादळ उठते, तो भाग नंतर काही काळ दमल्यासारखा पडतो आणि त्याचे काम अडते. हात हलविणाऱ्या भागात उठले, तर विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो. डाव्या कानशिलाआड उठले, तर बहुतेकांना शब्द सापडत नाहीत. त्याला तुम्ही उर्मटपणा म्हणता. कपाळामागून उठलेला झटका पुष्कळदा झोपेत येतो, चटकन सरतो आणि माणूस लगेच भानावर येतो. म्हणून तो ढोंगी! कानशिलाआडच्या झटक्यानंतर गोंधळ अधिक रेंगाळतो. क्वचित एकदोन दिवस बरे जाऊन मग भास आणि संशय उसळतात. त्यावर डॉक्टरापाशी औषध आहे, मांत्रिकापाशी नाही.

निकाल ईईजी आणि एमआरआय यांनी लागेल. पण पहिला माग या वागण्यातूनच लागतो, आणि ते पाहणारे तुम्हीच असता. तेव्हा त्याला अडवू नका, हळू बोला, घड्याळ पाहा, कोणता हात लुळा पडला ते टिपून ठेवा. आम्हा मास्तरांनी तर हे आधी शिकावे. झटक्यानंतर बाकावर मान टाकलेल्या मुलाला पाढे विचारणे ही शिस्त नव्हे, क्रौर्य आहे.

१९७६ साली हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला वेडाच्या शेजारी बसविले गेले. १९९९ साली तो शब्द काढला. सरकारला २३ वर्षे लागली. आपल्या माजघरातून तो कधी निघणार?